डंजन्स अँड ड्रॅगन्स २०२४ : खेळाडूंची मतं, खऱ्या तक्रारी आणि टेबलावर चालणारे उपाय (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

डी अँड डी, म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स या फासे टाकून पात्रं रंगवायच्या टेबलावरच्या खेळाची, नवी नियमपुस्तकं आल्यापासून खेळाडूंमध्ये दोन टोकाची मतं ऐकू येतात. कौतुक आणि तक्रार या दोन्हींचं मूळ मात्र एकच आहे: खेळाडूच्या हातात प्रत्येक पाळीला करण्यासारखं खूप जास्त आलं आहे. पुढची उत्तरं वाचताना हा धागा धरून ठेवा, बरेच वाद आपोआप उलगडतील.

ही सहावी आवृत्ती आहे का?

नाही. ही २०१४ च्या पाचव्या आवृत्तीचीच सुधारित पुस्तकं आहेत. प्लेअर्स हँडबुक १७ सप्टेंबर २०२४ ला आलं, डंजन मास्टर्स गाइड १२ नोव्हेंबर २०२४ ला आणि मॉन्स्टर मॅन्युअल १८ फेब्रुवारी २०२५ ला. तिन्ही पुस्तकं प्रत्येकी ३८४ पानांची आहेत. डी-२० (वीस बाजूंचा फासा) टाका, मॉडिफायर (पात्राच्या क्षमतेचा जादा आकडा) मिळवा, एसी (समोरच्याचा बचावाचा आकडा) किंवा डीसी (गाठायचा आकडा) याच्याशी ताडून बघा, हा पाया तसाच आहे. अ‍ॅडव्हान्टेज (दोन फासे टाकून मोठा घेणं), प्रोफिशियन्सी (सरावाचा जादा आकडा), स्पेल स्लॉट (जादू वापरायच्या मोजक्या संधी) यांतलं काहीही पुन्हा शिकावं लागत नाही.

शिकावं लागतं ते बारीक कलमांतलं. नाव तेच आणि काम वेगळं, असे स्पेल (मंत्र) आणि क्लासची (पात्राच्या पेशाची) वैशिष्ट्यं भरपूर आहेत. दहा वर्षं खेळलेला माणूस नव्याने आलेल्यापेक्षा इथे जास्त चुकतो, कारण तो पुस्तक न उघडता आठवणीवर नियम सांगतो.

चाचणीच्या काळात ऐकलेले बदल पुस्तकात का दिसत नाहीत?

ऑगस्ट २०२२ पासून नियमांचे मसुदे खेळाडूंना फुकट देऊन सर्वेक्षणातून मतं मागवली गेली. आर्केन, डिव्हाइन आणि प्रायमल अशा तीनच स्पेल याद्या, वॉरलॉक या क्लासला अर्ध्या कास्टरसारखे (निम्मीच जादू असलेल्या क्लाससारखे) स्लॉट, ड्रुइडच्या वाइल्ड शेपसाठी (प्राण्याचं रूप घेण्यासाठी) ठरावीक साचे, राक्षसांना क्रिटिकल हिट नाही, या कल्पना त्या मसुद्यांत होत्या आणि विरोधामुळे गळल्या. जुने व्हिडिओ पाहून नियम सांगणारा कुणी टेबलावर असेल, तर पानच उघडून दाखवा.

खेळाडूंना सर्वांत जास्त काय आवडलं?

मॉन्क, म्हणजे रिकाम्या हातांनीही लढणारा क्लास. यावर मतभेद फारसे नाहीत. पहिल्या लेव्हलला हाताच्या फटक्याचा फासा डी४ चा डी६ झाला. बोनस अ‍ॅक्शनने (पाळीतल्या जादा छोट्या कृतीने) डिसएंगेज (वार न खाता दूर होणं) किंवा डॅश (जादा धाव) करायला आता पॉइंट खर्च होत नाही. तिसऱ्या लेव्हलला फक्त बाणच नाही, तर तलवारीचा वारही रिअ‍ॅक्शनने (तत्काळ प्रतिसादाच्या कृतीने) १डी१० (दहा बाजूंचा एक फासा) + डेक्स्टेरिटी + मॉन्क लेव्हल इतका कमी करता येतो. स्टनिंग स्ट्राइक (शत्रूला सुन्न करणारा फटका) पाळीत एकदाच उरली, पण समोरच्याने सेव्ह (परिणाम टाळण्यासाठीची फाशाची फेक) केला तरी त्याचा वेग निम्मा होतो आणि त्याच्यावरच्या पुढच्या हल्ल्याला अ‍ॅडव्हान्टेज मिळतो. पॉइंट वाया गेल्याची हळहळ संपली.

त्याखालोखाल उपचार. क्युअर वूंड्स हा स्पेल १डी८ ऐवजी २डी८ झाला. पहिल्या लेव्हलला मॉडिफायर +३ धरला तर सरासरी ७.५ वरून १२ वर जाते. हीलिंग पोशन आता बोनस अ‍ॅक्शनने पिता किंवा शेजारच्याला पाजता येतं. सोबती पडेपर्यंत थांबायचं आणि मग एका पॉइंटवर उठवायचं, या जुन्या सवयीला त्यामुळे पर्याय मिळाला.

एक्झॉशनचा (थकव्याचा) सहा पायऱ्यांचा तक्ता जाऊन प्रत्येक पायरीला डी-२० च्या चाचण्यांना −२ आणि वेग ५ फूट कमी, सहावीला मृत्यू, इतकंच उरलं. तोंडपाठ राहतं, म्हणून डीएम, म्हणजे खेळ चालवणारे डंजन मास्टर, ते वापरूही लागले.

वेपन मास्टरीमुळे लढाई रेंगाळते, हे खरं आहे का?

खरं आहे, पण सगळ्या मास्टरींबद्दल (हत्यारागणिक वाराला जोडलेल्या जादा परिणामांबद्दल) नाही. एकूण आठ आहेत: क्लीव्ह, ग्रेझ, निक, पुश, सॅप, स्लो, टॉपल, वेक्स. फायटरला पहिल्या लेव्हलला तीन हत्यारांची मास्टरी मिळते. बार्बेरियन, पॅलाडिन, रेंजर आणि रोग यांना दोन. आतापर्यंत "मारतो, लागलं, इतकं डॅमेज" एवढंच म्हणणाऱ्या फायटरला आता खरा निर्णय घ्यावा लागतो, आणि बहुतेक फायटर खेळाडू त्यावर खूश आहेत.

वेळ खाते ती टॉपल, म्हणजे शत्रूला आडवा पाडणारी मास्टरी. उदाहरण घ्या. पाचव्या लेव्हलचा फायटर, स्ट्रेंग्थ १८, हातात मॉल (मोठा हातोडा). डीसी निघतो ८ + ४ (स्ट्रेंग्थ) + ३ (प्रोफिशियन्सी) = १५. त्याचे दोन्ही वार लागले तर समोरच्याला दोन कॉन्स्टिट्यूशन सेव्ह. अ‍ॅक्शन सर्ज (एक जादा अ‍ॅक्शन) वापरला तर चार. प्रत्येक वेळी खेळाडू डीसी शोधतो, डीएम राक्षसाचा सेव्ह शोधतो, मग फासा पडतो. उशीर होतो तो याच शोधाशोधीत, फाशाला काही वेळ लागत नाही. उपाय तीन:

- डीसी कॅरेक्टर शीटवर हत्याराच्या ओळीतच लिहून ठेवा: "मॉल, टॉपल १५".
- डीएमने लढाईआधी राक्षसांच्या नावापुढे त्यांचा कॉन सेव्ह टिपून ठेवावा.
- शत्रू पडला की पुन्हा टॉपल विचारू नका. पडलेल्याला पुन्हा पाडता येत नाही.

दुसरी अडचण विसरण्याची. वेक्स लागला की त्या शत्रूवरच्या तुमच्या पुढच्या हल्ल्याला, तुमच्या पुढच्या पाळीच्या अखेरीपर्यंत, अ‍ॅडव्हान्टेज असतो. सॅप लागला की शत्रूच्या पुढच्या हल्ल्याला डिसअ‍ॅडव्हान्टेज. मधे चार जणांच्या पाळ्या गेल्या की हे कुणालाच आठवत नाही. पाण्याच्या बाटलीच्या झाकणाखालची प्लॅस्टिकची रिंग मिनिएचरच्या (पात्राच्या छोट्या पुतळ्याच्या) गळ्यात घाला: निळी वेक्सची, पांढरी सॅपची. वापर झाला की काढा. यापेक्षा स्वस्त आणि पक्का उपाय नाही.

निकबद्दल मात्र तक्रार नसावी. दोन हलक्या हत्यारांनी लढणाऱ्याचा जादा वार पूर्वी बोनस अ‍ॅक्शन खात असे. निकची मास्टरी असलेला खंजीर किंवा सिमिटर एका हातात असेल, तर तो वार अटॅक अ‍ॅक्शनमध्येच होतो. रोगला बोनस अ‍ॅक्शन पळायला मोकळी राहते, रेंजरला हंटर्स मार्कला (शत्रूवर खूण करून जादा डॅमेज देणाऱ्या स्पेलला). दोन तलवारींची शैली दहा वर्षांनी कामाची झाली ती यामुळे.

एका पाळीत तीन-तीन हत्यारं बदलून प्रत्येकाची मास्टरी उपटणं नियमात बसतं, कारण अटॅक अ‍ॅक्शनमधल्या प्रत्येक वारासोबत एक हत्यार काढता किंवा ठेवता येतं. ज्या टेबलांना हे खटकतं तिथे "एका पाळीत एकच अदलाबदल" एवढा घरचा नियम पुरतो.

पॅलाडिनची स्माइट बिघडवली का?

स्माइट म्हणजे वार लागल्यावर त्यात ओतायची जादू. तिची ताकद कमी केली, हे निर्विवाद. आकड्यांत बघा. २०१४ मध्ये पाचव्या लेव्हलचा पॅलाडिन दोन्ही वार लागल्यावर दोन्हींवर दुसऱ्या लेव्हलचा स्लॉट ओतू शकत होता: ३डी८ आणि ३डी८, सरासरी २७ जादा डॅमेज, तेही कुठलीही अ‍ॅक्शन खर्च न करता. आता डिव्हाइन स्माइट हा स्पेल आहे आणि तो बोनस अ‍ॅक्शनने टाकायचा असतो. म्हणजे पाळीत एकदाच, सरासरी १३.५.

खेळाडूंचा राग आकड्यापेक्षा त्याच्या परिणामांवर जास्त आहे, आणि तो समजण्यासारखा आहे. स्पेल असल्यामुळे तो काउंटरस्पेल होऊ शकतो (दुसऱ्याचा स्पेल अडवणाऱ्या स्पेलने रद्द होऊ शकतो). तोंडाने उच्चार लागतो, म्हणून सायलेन्स या आवाज बंद करणाऱ्या स्पेलमध्ये चालत नाही. बार्बेरियनशी मल्टिक्लास केलं (एकाच पात्राला दोन क्लास घेतले) तर रेजमध्ये (संतापाच्या अवस्थेत) टाकता येत नाही. अपॉर्च्युनिटी अटॅकवर (दूर जाणाऱ्या शत्रूवरच्या वारावर) तर मिळतच नाही, कारण बोनस अ‍ॅक्शन फक्त आपल्या पाळीत असते. ले ऑन हँड्स हा हात ठेवून करायचा उपचारही आता बोनस अ‍ॅक्शन आहे, त्यामुळे एकाच पाळीत स्माइट की उपचार, हे ठरवावं लागतं.

आमचं मत: हा बदल योग्य होता. एका पाळीत मुख्य खलनायक आडवा होणं हा बाकीच्या चौघांवर अन्याय होता. शिवाय स्माइट कायम प्रिपेअर्ड असते आणि लाँग रेस्टमागे (मोठ्या विश्रांतीमागे) एकदा स्लॉटशिवाय टाकता येते. बाकीच्या स्माइट स्पेलपैकी बऱ्याच आता वार लागल्यानंतर टाकता येतात, म्हणजे चुकलेल्या वारावर त्या वाया जात नाहीत. ज्यांना तरीही टोचतं त्यांनी एकच सूट द्यावी: डिव्हाइन स्माइट काउंटरस्पेल होत नाही. पाळीत एकदाची मर्यादा काढू नका.

आणि रेंजर?

इथे तक्रार रास्त आहे. रेंजरची उभारणी हंटर्स मार्कवर केली आहे: पहिल्या लेव्हलला स्लॉटशिवाय दोनदा, पाचव्याला तीनदा, असं वाढत सतराव्याला सहादा. अडचण कॉन्सन्ट्रेशनची: ते मागणारा एकच स्पेल एका वेळी चालू ठेवता येतो. रेंजरचे बरेचसे चांगले स्पेल कॉन्सन्ट्रेशन मागतात, आणि मार्क चालू असेल तर ते टाकता येत नाहीत. वरच्या लेव्हलची वैशिष्ट्यं पुन्हा मार्कलाच बांधलेली: तेराव्याला डॅमेज बसला तरी मार्कवरचं कॉन्सन्ट्रेशन तुटत नाही, सतराव्याला मार्क केलेल्यावर अ‍ॅडव्हान्टेज, आणि विसाव्याला मार्कचा फासा डी६ चा डी१०. सरासरी ३.५ ची ५.५. वीस लेव्हलच्या प्रवासानंतर प्रत्येक वाराला दोन जादा पॉइंट, हे फळ कमीच.

पण खालच्या लेव्हलचा रेंजर २०१४ पेक्षा नक्कीच बरा आहे. दुसऱ्याला एक्स्पर्टीज (एका स्किलमध्ये दुप्पट प्रोफिशियन्सी), सहाव्याला १० फूट जादा वेग आणि चढण्या-पोहण्याचाही वेग, नवव्याला आणखी दोन एक्स्पर्टीज. मोहीम दहाव्या लेव्हलच्या आत संपणार असेल तर निःशंक घ्या. पुढे जाणार असेल तर तेराव्या लेव्हलपासून मार्कला कॉन्सन्ट्रेशन लागत नाही, असा घरचा नियम करा. खालच्या लेव्हलला ही सूट देऊ नका, कारण मग फक्त सुरुवातीच्या लेव्हलसाठी रेंजर घेऊन मल्टिक्लास करणाऱ्यांची रांग लागते.

अ‍ॅबिलिटी स्कोअर बॅकग्राउंडला का जोडले? माझा पॅलाडिन शेतकरी का नको?

आता स्पीशीजकडून (पात्राच्या वंशाकडून) स्कोअरवाढ मिळत नाही, बॅकग्राउंडकडून (पूर्वायुष्याकडून) मिळते: तीन ठरलेल्या अ‍ॅबिलिटींत +२ आणि +१, किंवा तिन्हींत +१. सोबत एक ओरिजिन फीट (सुरुवातीलाच मिळणारी खास खुबी). सोळा बॅकग्राउंड आहेत. सोल्जरला स्ट्रेंग्थ, डेक्स्टेरिटी, कॉन्स्टिट्यूशन आणि सॅव्हेज अटॅकर. फार्मरला स्ट्रेंग्थ, कॉन्स्टिट्यूशन, विस्डम आणि टफ. सेजला कॉन्स्टिट्यूशन, इंटेलिजन्स, विस्डम आणि विझर्डचं मॅजिक इनिशिएट.

पॅलाडिनला स्ट्रेंग्थ आणि करिझ्मा दोन्ही हवेत. ते एकत्र मिळतात नोबल आणि एंटरटेनरमध्ये. म्हणून फायद्याचं पाहणारे पॅलाडिन सगळे एकाच घरातून आल्यासारखे दिसतात, ही टीका अचूक आहे. स्वतःची बॅकग्राउंड बनवण्याची पद्धत आहे, पण ती डंजन मास्टर्स गाइडमध्ये, म्हणजे हँडबुकनंतर जवळपास दोन महिन्यांनी आलेल्या पुस्तकात. ती पहिल्या दिवसापासून सगळ्यांसाठी खुली ठेवा: तीन अ‍ॅबिलिटी, एक ओरिजिन फीट, दोन स्किल, एक टूल. खेळ यात बिघडत नाही.

हाफ-एल्फ आणि हाफ-ऑर्क गेले?

नव्या हँडबुकमध्ये नाहीत. दहा स्पीशीज आहेत. ऑर्क, गोलायथ आणि आसिमार त्यात आले. २०१४ चा हाफ-एल्फ वापरता येतो. जुन्या पुस्तकातली स्पीशीज घेतली तर तिची स्कोअरवाढ सोडून द्यायची, वाढ बॅकग्राउंडकडूनच घ्यायची.

स्पेलमधले कोणते बदल टेबलावर हमखास चुकतात?

काउंटरस्पेल: आता ज्याचा स्पेल अडवायचा तो कॉन्स्टिट्यूशन सेव्ह करतो. हरला तर स्पेल जातो, स्लॉट मात्र शिल्लक राहतो. सेव्ह आहे म्हणजे लेजंडरी रेझिस्टन्सही (चुकलेला सेव्ह यशस्वी ठरवण्याची बड्या राक्षसांची ताकद) चालतो, हे डीएम विसरतात.

एका पाळीत स्लॉट खर्चून एकच स्पेल टाकता येतो. कँट्रिपला (स्लॉट न लागणाऱ्या साध्या स्पेलला) ही मर्यादा नाही. जुना बोनस अ‍ॅक्शनचा गुंतागुंतीचा नियम डोक्यातून काढून टाका.

कंज्युअर अ‍ॅनिमल्समध्ये आठ लांडगे टेबलावर उतरत नाहीत. आता प्राण्यांच्या आत्म्यांचा एकच कळप येतो आणि जवळच्या शत्रूला डेक्स्टेरिटी सेव्ह, चुकला तर ३डी१०. आठ जनावरांच्या पाळ्या संपण्याची वाट बघत बसलेल्या प्रत्येक खेळाडूचा यात फायदा झाला.

कंज्युअर मायनर एलिमेंटल्स मूळ छपाईत वरच्या स्लॉटला इतका वाढत होता की अनेक वार करणाऱ्याच्या हातात तो बेफाम होई. दुरुस्तीनंतर चौथ्याच्या वरच्या प्रत्येक स्लॉट लेव्हलला १डी८ वाढतो. जुनी छापील प्रत असेल तर पेन्सिलने सुधारून घ्या.

हाइड करायला (लपायला) डीसी १५ ची स्टेल्थ चाचणी आणि आडोसा लागतो. यशस्वी झालात तर इन्व्हिजिबल कंडिशन मिळते. शब्द वाचून "मी आता सगळ्यांसमोरून चालत जाणार" म्हणणारे भेटतात. शत्रूला सापडलात की ती कंडिशन संपते. भर उजेडात समोर उभं राहणं म्हणजे सापडणंच, असं सुरुवातीलाच ठरवून टाका.

डीएम म्हणतात लढाया सोप्या झाल्या. गणित काय सांगतं?

पात्रं बळकट झाली आहेत, आणि मोजण्याची पद्धतही बदलली. तिसऱ्या लेव्हलचे चार खेळाडू आणि समोर दोन ओगर, प्रत्येकी ४५० एक्सपी (अनुभवाचे गुण), असं धरा. जुन्या पद्धतीत दोन राक्षसांसाठी दीडने गुणायचं: १३५०. हार्डची पायरी ९०० ला आणि डेडलीची १६०० ला, म्हणून लढाई हार्ड. नव्या पद्धतीत गुणक नाही. चौघांचा हिशेब: लो ६००, मॉडरेट ९००, हाय १६००. दोन ओगर बरोबर ९००, म्हणजे मॉडरेट.

नीट पाहिलं तर पहिल्या काही लेव्हलला लो, मॉडरेट, हाय हे जुन्या मीडियम, हार्ड, डेडलीचेच आकडे आहेत. फरक पडला तो गुणक गेल्यामुळे आणि वरच्या लेव्हलमुळे: विसाव्या लेव्हलला डेडलीसाठी एका पात्रामागे १२,७०० होते, आता हायला २२,०००. यातून जुन्या छापील मोहिमा का लुळ्या वाटतात ते कळतं. त्यातल्या लढाया जुन्या हिशेबाने बांधलेल्या आहेत. आधी राक्षसांचे आकडे नव्या पुस्तकातून घ्या. तरीही कमी वाटलं तर संख्या वाढवा. हिट पॉइंट फुगवू नका, नुसती लांबलेली लढाई कुणालाच आवडत नाही.

गुणक गेल्याचा एक धोका आहे. पहिल्या-दुसऱ्या लेव्हलला खूप छोटे राक्षस बजेटमध्ये बसतात, पण त्यांच्या वारांची संख्याच पात्रांना लोळवते. तिथे पात्रांच्या दुपटीपेक्षा जास्त राक्षस ठेवू नका.

नव्या राक्षसांचा सेव्हच नाही, हा अन्याय नाही का?

बऱ्याच राक्षसांच्या वारासोबतचा परिणाम आता थेट लागू होतो. लांडगा चावला आणि पात्र मीडियम किंवा लहान असेल, तर ते पडतंच; आधी डीसी ११ चा स्ट्रेंग्थ सेव्ह मिळायचा. चार लांडगे असतील तर पहिला पाडतो आणि बाकीचे सगळे फायदा घेतात. उठायला निम्मा वेग जातो. डीएमसाठी खेळ झपाट्याने चालतो, पण पुढे उभ्या राहणाऱ्या फायटरला आपल्या चांगल्या सेव्हचा उपयोग उरला नाही असं वाटतं. कळपातला प्रत्येक जण एकाच पात्रावर सोडू नका, एवढं पथ्य पाळलं की पुरतं.

प्रकार बदललेत तेही बघा. गॉब्लिन आता फे (परीलोकातले) आहेत आणि कोबोल्ड ड्रॅगन, त्यामुळे फक्त माणसासारख्या प्रकारावर चालणारे होल्ड पर्सन आणि चार्म पर्सन हे स्पेल त्यांच्यावर चालत नाहीत. ऑर्कचं वेगळं पान नाही. टफ, बर्सर्कर अशा माणसांच्या पानांवरून ऑर्क उभे करायचे.

जुनं-नवं मिसळून चालेल का? चालू मोहीम बदलायची कशी?

क्लास एकाच आवृत्तीचा ठेवा. जुना सबक्लास (क्लासची उपशाखा) नव्या क्लासला लावता येतो. तो तिसऱ्या लेव्हलला सुरू होतो, त्याआधीची वैशिष्ट्यंही तिसऱ्यालाच मिळतात. जुन्या बॅकग्राउंडला स्कोअरवाढ आणि एक ओरिजिन फीट जोडा. स्पेल दोन्हीकडे असेल तर सगळ्यांसाठी नवाच. टेबलावर एक जण जुना शार्पशूटर फीट घेऊन −५/+१० (नेमाला −५, डॅमेजला +१०) मारतो आणि दुसऱ्याकडे नवा आहे, ही भांडणाची सर्वांत खात्रीची वाट.

चालू मोहीम लेव्हल वाढते त्या टप्प्यावर बदला. सत्राच्या मधे बदलू नका. बदलल्यानंतर तीन सत्रं एकही घरचा नियम करू नका. पहिल्या सत्रात जे तुटलं असं वाटतं, त्यातलं बरंच वाचायचं राहिलेलं असतं.

पैसे न घालता आजमावता येईल का? आणि मराठीत?

हो. एसआरडी ५.२ (मूळ नियमांचा खुला दस्तऐवज) एप्रिल २०२५ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स सीसी-बाय ४.० परवान्याखाली फुकट आहे. बाराही क्लास प्रत्येकी एका सबक्लाससह, चार बॅकग्राउंड, मास्टरी, स्पेल, राक्षस, सगळं त्यात आहे. एक मोहीम आरामात निघते.

मराठीसाठी हा परवाना महत्त्वाचा आहे. श्रेय नोंदवलं तर एसआरडीचा अनुवाद करायला, छापायला, अगदी विकायलाही परवानगी आहे. टेबलावर मात्र सेव्ह, स्लॉट, बोनस अ‍ॅक्शन हे शब्द तसेच ठेवा, कारण पान शोधताना तेच लागतात. वर्णन पूर्ण मराठीत करा. "गुहेच्या तोंडाशी ओल आहे, आतून कुजकट वास येतोय" म्हटल्यावर खेळाडूचा हात आपोआप मशालीकडे जातो.

कंपनीवरचा राग पुस्तकांवर काढावा का?

खेळ काढणाऱ्या विझार्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीवरचा राग निराधार नाही. जानेवारी २०२३ मध्ये खुल्या परवान्यात बदल करायचा प्रयत्न झाला, खेळाडू आणि छोटे प्रकाशक एकवटले, आणि महिनाअखेर जुना एसआरडी क्रिएटिव्ह कॉमन्समध्ये द्यावा लागला. ऑगस्ट २०२४ मध्ये डी अँड डी बियाँड या कंपनीच्या संकेतस्थळावरच्या जुन्या पात्रांचे स्पेल नव्याने बदलले जातील अशी घोषणा झाली आणि ओरड होताच काही दिवसांत मागे घेतली गेली. दोन्ही वेळा खेळाडूंनी बोलल्यामुळेच बदल झाला. ज्यांना कंपनीला पैसे द्यायचे नाहीत त्यांच्यासाठी वरची फुकट एसआरडी आहेच. ज्यांच्याकडे २०१४ ची पुस्तकं आहेत आणि टेबल आनंदात चाललं आहे, त्यांना नवी घेण्याची कसलीही गरज नाही. नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी मात्र नवं हँडबुक घ्यावं. नियमांची सूची शेवटी वर्णानुक्रमे एकत्र दिलेली आहे, आणि टेबलावर वाद झाला की तीच पानं सर्वांत आधी उघडली जातात.